सुईने जाळून गाठ खरंच जाते का?

डॉक्टर, नमस्कार.

माझे वडील ६४ वर्षांचे आहेत. एसटीत चालक होते. पंधरा वर्षं शुगर आहे. चार वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं तेव्हा ‘कावीळ ब’ निघाली आणि पुढच्या तपासण्यांत लिव्हर सिरॉसिस असल्याचं कळलं. तेव्हापासून रोज एक गोळी घेतात आणि आम्ही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून घेतो. गेल्या महिन्यात त्यातच गाठ दिसली. सीटीत २.४ सेंटीमीटरची एकच गाठ आहे, सहाव्या सेगमेंटमध्ये, किडनीच्या बाजूला. अहवालात ‘लाय-रॅड्स ५’ असं लिहिलंय. एएफपी १८, बिलिरुबिन १.१, अल्ब्युमिन ३.६, आयएनआर १.२, प्लेटलेट ९२ हजार. प्लीहा वाढलेली आहे, पोटात पाणी नाही. अप्पा अजूनही रोज पहाटे चार किलोमीटर चालतात.

इथले डॉक्टर म्हणाले, सुई घालून मायक्रोवेव्हने गाठ जाळून टाकू, दुसऱ्या दिवशी घरी सोडू. कॅन्सर इतक्यात आटपतो यावर आमच्यापैकी कोणाचाच विश्वास बसेना. पुण्याचा भाऊ म्हणतो, गाठ कापून काढूनच टाकायची, निदान दुर्बिणीतून तरी. काका म्हणतात, कॅन्सरला हात लावला की तो पसरतो, गुळवेलीचा काढा सुरू करा. मी माझं लिव्हर द्यायला तयार आहे. डॉक्टरांनी बायोप्सीसुद्धा केली नाही, मग कॅन्सरच आहे हे कशावरून? आणि आई म्हणते, अप्पांना काही कळू द्यायचं नाही. त्यांना आम्ही ‘लिव्हरला सूज आहे’ एवढंच सांगितलंय. तीन आठवडे झाले, घरात रोज वाद होतात. काय करावं?

— एक लेक, सांगली जिल्हा

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात मधेच एक साधं वाक्य आहे: दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून घेतो. ते वाचून मला फार बरं वाटलं. लिव्हरच्या कॅन्सरचे माझ्याकडे येणारे बहुतेक रुग्ण पोट फुगल्यावर, वजन उतरल्यावर, डोळे पिवळे झाल्यावर येतात. तेव्हा हातात फार थोडं उरलेलं असतं. तुमच्या अप्पांची गाठ कुठलाही त्रास न देता, एका मोठ्या बोराएवढी असताना सापडली आहे. चार वर्षं न चुकता केलेल्या तपासणीने तुमच्यापुढे निवड करायची संधी ठेवली. आता ती भांडणात घालवू नका.

मी इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट आहे. म्हणजे ज्या सुईबद्दल तुम्ही विचारताय, ती घालण्याचंच काम मी करते. त्यामुळे माझा कल त्या बाजूला असणार, हे आधीच सांगते. भावाच्या म्हणण्यात जिथे तथ्य आहे तिथे तेही सांगेन.

आधी बायोप्सीचं, कारण तो प्रश्न सुटल्याशिवाय पुढचं काही मनाला पटणार नाही. लिव्हरला दोन वाटांनी रक्त मिळतं. तुमच्याकडे शेती असेल तर लगेच समजेल: एक पाटाचं पाणी, दुसरं विहिरीचं. आतड्यांकडून येणारी मोठी शीर, म्हणजे पोर्टल व्हेन, हा पाट. चांगल्या लिव्हरला सुमारे तीन चतुर्थांश रक्त त्या पाटातून मिळतं. हृदयाकडून येणारी बारीक धमनी ही विहीर. कॅन्सरची गाठ मात्र जवळजवळ सगळी त्या विहिरीवर वाढते. सीटीच्या वेळी हातातून रंगद्रव्य सोडतात, ते आधी धमनीतून पोचतं आणि नंतर पाटातून. म्हणून पहिल्या अर्ध्या मिनिटाच्या फोटोत गाठ आजूबाजूच्या लिव्हरपेक्षा उजळ दिसते. मिनिट-दोन मिनिटांनी चित्र पालटतं: लिव्हर उजळतं आणि गाठ काळपट पडते. सिरॉसिस किंवा जुनी कावीळ ब असलेल्या माणसाच्या लिव्हरमधली दोन सेंटीमीटरच्या वरची गाठ असा खेळ दाखवत असेल, तर तिला ‘लाय-रॅड्स ५’ म्हणतात. तिथे निदान इतकं पक्कं मानतात की उपचारासाठी तुकडा काढायची गरज नसते. जगभर याच नियमाने उपचार होतात. कॅन्सरमध्ये बायोप्सीशिवाय उपचार करण्याची अशी मुभा फार थोड्या ठिकाणी आहे, त्यामुळे लोकांना तो डॉक्टरांचा आळस वाटतो. तो आळस नाही. उलट बायोप्सीच्या सुईच्या वाटेवर पेशी सांडून तिथे नवी गाठ रुजण्याचा धोका असतो. तो थोडा आहे, जुन्या अभ्यासांच्या एकत्रित आकड्यांत शंभरात सुमारे तीन, पण गरज नसताना तो कशाला घ्यायचा? काकांची ‘हात लावला की पसरतो’ ही भीती कुठून आली असेल, ते इथे थोडंसं समजतं.

एएफपी म्हणजे लिव्हरच्या कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारं एक प्रथिन. ते १८ च आहे म्हणून कॅन्सर नसेल, असंही कोणी सांगेल. सुरुवातीच्या कितीतरी गाठींत हा आकडा वाढतच नाही. त्यावर विसंबू नका.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही सगळे गाठीवरून भांडताय, आणि अप्पांना आजार दोन आहेत. एक ती गाठ, दुसरं ते लिव्हर, ज्यात ती उगवली. पोटाच्या किंवा स्तनाच्या कॅन्सरमध्ये गाठीभोवतीचा भाग सहसा निरोगी असतो, त्यामुळे सर्जन मोकळ्या हाताने जास्तीचा भाग काढू शकतो. इथे भोवतालचं लिव्हर सिरॉसिसने आधीच कडक, गाठाळ झालेलं आहे. त्यातला जेवढा भाग कापू तेवढी अप्पांची शिल्लक कमी होते. म्हणून लिव्हरच्या कॅन्सरमध्ये पहिला प्रश्न ‘गाठ किती मोठी’ एवढाच नसतो. ‘उरलेलं लिव्हर किती सोसेल’ हा तितकाच मोठा प्रश्न असतो. बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये या आजाराच्या पायऱ्या ठरवून दिल्या, त्यातही गाठीची संख्या आणि आकार, लिव्हरची ताकद आणि माणसाची चालण्याफिरण्याची क्षमता हे तिन्ही एकत्र मोजतात. आपल्याकडच्या लिव्हरतज्ज्ञांच्या संघटनेच्या शिफारशी आहेत, त्यांचाही पाया हाच.

लिव्हरची ताकद मोजायला आम्ही चाइल्ड-प्यू नावाचा एक सोपा गुणतक्ता वापरतो: बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याचा आकडा (आयएनआर), पोटातलं पाणी आणि गुंगी. प्रत्येकाला एक ते तीन गुण, आणि गुण जितके कमी तितकं लिव्हर चांगलं. तुम्ही दिलेल्या आकड्यांवर अप्पांना पाच गुण होतात, गुंगीचा उल्लेख नाही तेव्हा ती नाही असं धरून. पाचाच्या खाली गुण नसतातच. म्हणजे सिरॉसिस असूनही काम अजून चांगलं चाललंय. पण प्लेटलेट ९२ हजार आणि वाढलेली प्लीहा दुसरी गोष्ट सांगतात. लिव्हर कडक झाल्याने पोर्टल व्हेनमध्ये दाब चढलाय, बांध घातलेल्या पाटात चढतो तसा. असा दाब असलेल्या माणसाचं लिव्हर कापलं तर नंतर पोटात पाणी होणं, कावीळ चढणं याचा धोका वाढतो. तुमच्या डॉक्टरांनी सुई सुचवली त्यामागे हे कारण असणार. त्यांना विचारा, ते सांगतील.

भावाला एक सांगा. त्याचा आग्रह चुकीच्या जागेवरून आलेला नाही. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत आता पूर्वीसारखं पोट आडवं चिरावं लागत नाही, रक्त कमी जातं, माणूस लवकर उठतो. सहावा सेगमेंट लिव्हरच्या खालच्या कडेला असतो, दुर्बिणीने पोचायला सोपा. दाब थोडाच वाढलेला असेल आणि हात तयार असेल, तर काही सर्जन असा छोटा तुकडा काढतात. तेव्हा लिव्हरच्या शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या सर्जनचं मत घेणं रास्त आहे. पण ‘सुई म्हणजे हलका उपचार, ऑपरेशन म्हणजे पक्का उपचार’ हे त्याच्या डोक्यातलं समीकरण मात्र सोडायला हवं. जपानमध्ये नेमकं हेच तपासलं गेलं. तीन सेंटीमीटरपर्यंतच्या, तीनपेक्षा जास्त नाहीत अशा गाठींचे सुमारे तीनशे रुग्ण घेतले, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले, एका गटावर शस्त्रक्रिया केली आणि दुसऱ्याची गाठ सुईने जाळली. पाच वर्षांनी शस्त्रक्रियेच्या गटात शंभरातले सुमारे ७५ जिवंत होते, सुईच्या गटात सुमारे ७०. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो, असा त्याचा निष्कर्ष होता. आजार परत येण्याच्या बाबतीतही दोन्ही गट जवळपास बरोबरीने चालले.

आता ती सुई. तुम्हाला विश्वास बसत नाही, म्हणून त्या खोलीत तुम्हाला घेऊनच जाते.

रुग्ण पाठीवर किंवा थोडा डाव्या कुशीवर झोपलेला असतो, उजवा हात डोक्यावर घेतलेला, म्हणजे फासळ्यांमधली जागा उघडते. भूलतज्ज्ञ उशाशी. उजव्या कुशीची कातडी बेटाडिनने पिवळी केलेली. सुई विणायच्या सुईसारखी लांब आणि जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाड असते. सोनोग्राफीच्या पडद्यावर गाठ एका करड्या गोळ्यासारखी दिसते आणि सुईचं टोक चमकत्या ठिपक्यासारखं. श्वासाबरोबर सगळं लिव्हर खालीवर होतं, त्यामुळे एका ठरावीक श्वासावर सुई पुढे सरकवायची असते. माझा निम्मा वेळ यातच जातो. टोक गाठीच्या मधोमध आलं की मशीन चालू. काही सेकंदांत टोकाभोवती पांढरा ढग उठतो. ते वाफेचे बुडबुडे. ढग पसरत पसरत सगळी गाठ झाकून टाकतो आणि तिच्या कडेपलीकडे जातो. पाच ते दहा मिनिटं, कधी जागा बदलून पुन्हा तेवढीच. मग सुई बाहेर काढतानाही तिची वाट हलकीशी भाजत आणतो, म्हणजे रक्त थांबतं आणि वाटेत पेशी सांडायचा धोका कमी होतो. काकांना हे जरूर सांगा. शेवटी कातडीवर अंगठ्याएवढी पट्टी. टाका नाही.

मायक्रोवेव्हमध्ये पेशींतल्या पाण्याचे रेणू झपाट्याने हलवले जातात आणि त्या घर्षणातून उष्णता होते. कितीतरी यंत्रांत लहरींची वारंवारता स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हचीच, २४५० मेगाहर्ट्झ. रेडिओफ्रिक्वेन्सी म्हणून जुनी पद्धत आहे, तिच्यात मांड्यांवर पट्ट्या लावून विजेचा प्रवाह पाठवतात. दोन्हींचा हेतू एकच: गाठीचं तापमान साठ अंशांच्या वर नेणं, कारण तिथे पेशी जवळपास तत्काळ मरतात. अंड्याचा पांढरा भाग गरम तव्यावर जसा घट्ट पांढरा होतो आणि परत पातळ होत नाही, तसंच पेशीतल्या प्रथिनांचं होतं. मायक्रोवेव्ह जास्त वेगाने आणि मोठा गोळा तापवतो, शेजारच्या मोठ्या रक्तवाहिनीतलं वाहतं रक्त उष्णता पळवून नेतं तो त्रासही त्यात कमी. पण माणूस किती जगला या हिशेबात दोन्हींमध्ये ठळक फरक दिसलेला नाही. तेव्हा ‘आमच्याकडे नवं मशीन आहे’ यापेक्षा ‘तुम्ही अशा किती केल्या आहेत’ हा प्रश्न मोलाचा.

सुईसाठी गाठ तीन सेंटीमीटरपर्यंत असलेली बरी मानतात. ही मर्यादा कुठून आली, तेही समजून घ्या. तुमच्या निर्णयाची मुदत त्यावर आहे. नुसती गाठ जाळून भागत नाही. तिच्याभोवती पाच ते दहा मिलिमीटरचं चांगलं लिव्हरही भाजावं लागतं, कारण डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी कडेला असतात. म्हणजे अप्पांच्या २.४ च्या गाठीसाठी साडेतीन ते साडेचार सेंटीमीटरचा गोळा जाळावा लागणार. गाठ तीनच्या पुढे गेली की हा गोळा एका सुईच्या आवाक्याबाहेर जाऊ लागतो आणि कडेला जिवंत पेशी राहून जाण्याची शक्यता वाढते. आता एक गणित. गोळ्याचा व्यास २.४ वरून ३ झाला की त्याचं आकारमान जवळजवळ दुप्पट होतं. अशा गाठी सरासरी चार ते सहा महिन्यांत दुप्पट होतात, काही त्याहून फार लवकर. म्हणजे अप्पांची गाठ सुईच्या सर्वांत चांगल्या मापातून बाहेर पडायला एक दुप्पट पुरेशी आहे. दुसरं मत घ्यायला दोन आठवडे लागले तर काही बिघडत नाही. दिवाळी होऊ द्या, लग्न आटपू द्या, असं करू नका.

धोके आहेत. इटलीतल्या ४१ केंद्रांनी रेडिओफ्रिक्वेन्सीने उपचार केलेल्या २,३२० रुग्णांचा हिशेब २००३ मध्ये मांडला होता: गंभीर त्रास शंभरात दोघांना, मृत्यू हजारात तिघांचा. रक्तस्राव, लिव्हरमध्ये पू होणं, पित्तनळीला किंवा शेजारच्या आतड्याला चटका बसणं, हे ते त्रास. अप्पांच्या बाबतीत मी शेवटच्या गोष्टीकडे नीट बघेन. सहाव्या सेगमेंटच्या खाली किडनी आणि मोठ्या आतड्याचं वळण असतं. गाठ अगदी कडेला असेल तर आम्ही बारीक सुईने मध्ये ग्लुकोजचं पाणी सोडतो. पाण्याचा पापुद्रा तयार होतो, आतडं बोटभर दूर सरकतं आणि मग गाठ तापवतो. ‘आतडं किती दूर आहे आणि पाणी सोडावं लागेल का?’ असं डॉक्टरांना विचारा. ज्यांनी सीटी बारकाईने पाहिलाय ते तुम्हाला पडद्यावर दाखवूनच उत्तर देतील. प्लेटलेट ९२ हजार असण्याची या कामाला सहसा अडचण येत नाही, पन्नास हजारांच्या वर असल्या तर बहुधा काम होतं. अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्या आहेत का, हे पाहायला एंडोस्कोपी झाली नसेल तर ती मात्र करून घ्या.

नंतरचे चार-पाच दिवस बारीक ताप, उजव्या कुशीत दुखणं, गळून गेल्यासारखं वाटणं हे चालतं. त्यासाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल. मेडिकलच्या दुकानातून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या आणून देऊ नका, सिरॉसिसमध्ये त्या किडनीला आणि पोटाला महागात पडतात. ताप चढत गेला, थंडी वाजली किंवा पोट फुगलं तर रात्र काढू नका, लगेच दवाखाना.

बाकीच्या उपचारांची नावं तुमच्या कानावर येतील म्हणून थोडक्यात. जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी गाठीपर्यंत नेऊन औषध सोडायचं आणि विहिरीचं पाणी तोडायचं, त्याला टेस म्हणतात. गाठी जास्त असतील किंवा सुई पोचणार नाही अशी जागा असेल, तर तो मार्ग. त्याच नळीतून यिट्रियम-९० चे किरणोत्सारी कण सोडता येतात. चांगला उपचार आहे, पण खूप महाग, आणि अप्पांना त्याची गरज दिसत नाही. बाहेरून अचूक नेम धरून तीन ते पाच बैठकांत किरण देण्याची पद्धतही आहे, सुई आणि ऑपरेशन दोन्ही जमत नसेल तेव्हा कामाची. गाठीत शुद्ध अल्कोहोल टोचण्याची जुनी पद्धत १९८० च्या दशकात जपान आणि इटलीतून आली. दोन सेंटीमीटरच्या वरच्या गाठीला ती उष्णतेइतकी भरवशाची ठरली नाही.

तुम्ही लिव्हर द्यायला तयार आहात, हे वाचून मी थोडा वेळ थांबले. प्रत्यारोपण हा एकच उपचार असा आहे जो अप्पांचे दोन्ही आजार एकदम काढतो, गाठही आणि सिरॉसिसही. एक गाठ पाच सेंटीमीटरपर्यंत, किंवा तीन गाठी तीन-तीन सेंटीमीटरपर्यंत, हा १९९६ चा मिलानचा नियम आजही वापरतात आणि अप्पा त्यात बसतात. तरीही त्यांचं लिव्हर आज चांगलं काम करतंय. अशा वेळी एका निरोगी लेकीच्या पोटावर मोठी शस्त्रक्रिया करायची घाई बहुतेक तज्ज्ञ करणार नाहीत. गाठ आज सुईने जाळली म्हणून प्रत्यारोपणाची वाट बंद होत नाही. पुढे लिव्हर थकलं किंवा गाठी परत परत येऊ लागल्या, तर तो विचार तेव्हा करता येतो. एखाद्या प्रत्यारोपण केंद्रात एकदा दाखवून ठेवा, म्हणजे तेव्हा धावपळ नको.

काढ्याबद्दल मी स्पष्टच सांगते: नको. कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तो वाद आपण बाजूला ठेवू. ज्या माणसाचं लिव्हर मोजून-मापून वापरायचं आहे, त्याच्यावर असा प्रयोग करायची जागा नाही. काविळीच्या गोळीत मात्र एक दिवसही खंड नको. ती विषाणू दाबून ठेवते, लिव्हर वाचवते आणि नवी गाठ होण्याची शक्यताही कमी करते. मनाने बंद केली तर विषाणू उसळून लिव्हर एकदम बिघडू शकतं.

दुसरं मत घ्यायला जाल तेव्हा नुसता छापील अहवाल नेऊ नका. सीटीची सीडी किंवा पेनड्राइव्ह न्या, आम्हाला चित्रं बघायची असतात. लिव्हरतज्ज्ञ, सर्जन आणि माझ्यासारखा सुईवाला डॉक्टर एकत्र बसून रुग्णाचा विचार करतात असं ठिकाण निवडा. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये अशी पद्धत आहे, पुण्या-मुंबईच्या इतर मोठ्या रुग्णालयांतही आहे. खर्चासाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला महात्मा फुले जन आरोग्य योजनेबद्दल विचारा आणि सुचवलेल्या उपचाराला पॅकेज आहे का, ते दाखल व्हायच्या आधी लिहून घ्या. मायक्रोवेव्हची सुई एकदाच वापरायची असते आणि बिलातला मोठा भाग तिचाच असतो. ती नवी सीलबंद असेल ना, हे विचारायला संकोच करू नका.

आता आईंचं म्हणणं. त्यांची माया मला कळते. पण अप्पांना सांगावं लागेल, आणि नंतर नाही, आधी. संमतीपत्रावर सही त्यांची लागते, हे कारण आहेच. खरं कारण पुढे आहे. गाठ जाळली तरी ज्या लिव्हरमध्ये ती उगवली ते लिव्हर तसंच राहतं. पाच वर्षांत शंभरातल्या सत्तर जणांपर्यंत कुठेतरी दुसरी गाठ दिसते. शस्त्रक्रियेनंतरही जवळपास तेवढ्यांनाच. लवकर दिसली तर तीही जाळता येते. माझ्याकडे एक गृहस्थ सहा वर्षांत चार वेळा आलेत, चारही वेळा गाठ दोन सेंटीमीटरच्या आतली, आणि अजून स्वतःचं गुऱ्हाळ चालवतात. पण त्यासाठी महिन्याने पहिला सीटी किंवा एमआरआय, मग दोन वर्षं दर तीन महिन्यांनी, नंतर दर सहा महिन्यांनी तपासणी करावी लागते. ‘सूज होती, गेली’ असं ज्याला सांगितलंय तो माणूस तिसऱ्या खेपेला म्हणणार, मी ठणठणीत आहे, कशाला पैसे घालवता? आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरच असेल.

अप्पांनी आयुष्यभर एसटी चालवली. पन्नास माणसं पाठीमागे बसवून घाट उतरताना ब्रेक कसा लागतोय हे त्यांना कोणी लपवलेलं चाललं असतं का? त्यांना बसवून सांगा, शक्य तर डॉक्टरांसमोर: लिव्हरमध्ये गाठ आहे, ती कॅन्सरची आहे, लहान असताना सापडली आहे, तिच्यावर उपचार आहे आणि नंतर राखण करावी लागणार आहे. ‘कॅन्सर’ हा शब्द एकदा म्हणा, कुजबुजत नको. मग गप्प बसा आणि त्यांना विचारू द्या. चार किलोमीटर चालणाऱ्या माणसाला घरातली कुजबुज ऐकू येत नसेल, असं मला वाटत नाही.

शेवटचं, आणि हे याच आठवड्यात करा. पत्रात अप्पांचे सगळे आकडे आहेत, तुमचा एकही नाही. मोठ्या वयात कावीळ ब झाली तर शंभरातले पंचाण्णव जण तिच्यातून बरे होतात. अंगात मुरून राहते ती बहुतेकदा जन्माच्या वेळी आईकडून किंवा अगदी लहानपणी आलेली. म्हणजे अप्पांना ती बहुधा त्यांच्या बालपणीच्या घरातच मिळाली असणार, आणि तुमचे काका त्याच घरात वाढलेत. आई, तुम्ही, भाऊ, आत्या असतील तर त्या, आणि काका, सगळ्यांनी एचबीएसएजी ही रक्ततपासणी करून घ्या. सरकारी रुग्णालयात राष्ट्रीय कावीळ नियंत्रण कार्यक्रमाखाली ती आणि गरज पडली तर औषधंही मोफत मिळतात. जे निगेटिव्ह येतील आणि ज्यांनी लस घेतलेली नसेल, त्यांना लसीचे तीन डोस. जो पॉझिटिव्ह येईल त्याची लिव्हरची तपासणी आणि सोनोग्राफी लगेच. काकांना म्हणा, काढा राहू दे, आणि आधी त्यांना घेऊन रक्त तपासायला जा.